डॅशबोर्डवरचा लाल दिवा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी पंधरा मिनिटं दिली आणि म्हणाले, तुझ्या कामाबद्दल बोल. माझ्याआधी डॉक्टर मित्राने हृदयाबद्दल सांगितलं, बँकेतल्या मैत्रिणीने निवृत्तीच्या पैशांबद्दल सांगितलं. मी दहावीनंतर खामगावला उस्तादांच्या हाताखाली गाड्यांचं वायरिंग शिकलो, आणि पुढे इथे बुलढाण्यात स्वतःचं दुकान टाकलं. माझ्याकडे सांगण्यासारखं आहे ते एवढंच : तुमच्या गाडीत स्टेअरिंगच्या मागे जे लहान लहान दिवे असतात, ते काय म्हणतात आणि त्यांचं ऐकायचं कसं.

आज मैदानात लागलेल्या गाड्या मी येताना पाहिल्या. नव्या आहेत तशा जुन्याही पुष्कळ आहेत. जीप आहेत, बोलेरो आहेत, एक मारुती 800 तर आपल्या मुलांपेक्षा मोठी दिसली. नव्या गाडीला बिघाड झाला की कंपनीचा माणूस संगणक जोडतो, संगणक कोड सांगतो. जुन्या गाडीत कोड नाही. तिथे एक बल्ब, दोन वायरी आणि एक स्विच असतो. म्हणून जुन्या गाडीचा दिवा समजायला सोपा आहे. तरी त्याच्याच बाबतीत सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं.

दुकानावर माणूस येतो आणि म्हणतो, "भाऊ, बॅटरीचा दिवा लागून राहिला, पण गाडी तर मस्त चालून राहिली. तो बलबच काढून टाक ना बाप्पा, रात्रीचा डोयात येते." असं म्हणणारा माणूस अडाणी नसतो. गाडी चालते आहे, मग दिवाच खोटा असेल, असं त्याला वाटतं. हा दिवा खोटा नसतो, हे कसं ते आधी सांगतो.

बॅटरीच्या चित्राचा तो लाल दिवा बॅटरी मोजतच नाही. तो बॅटरी आणि अल्टरनेटर यांच्या मधोमध बसलेला असतो. त्याचं एक टोक चावीतून बॅटरीकडे जातं, दुसरं टोक बारीक वायरने अल्टरनेटरकडे. पाण्याच्या दोन टाक्या खालून पाईपने जोडल्या आहेत असं समजा. एका टाकीत पाणी वर आणि दुसरीत खाली असेल तर पाईपमधून पाणी वाहतं. दोन्हीकडे पातळी सारखी झाली की वाहणं थांबतं. चावी फिरवली आणि इंजिन अजून बंद आहे, तेव्हा बॅटरीकडे 12 व्होल्ट आणि अल्टरनेटरकडे जवळजवळ शून्य. प्रवाह वाहतो, दिवा लागतो. इंजिन सुरू झालं, अल्टरनेटर वीज करू लागला, दोन्ही टोकांना सारखे व्होल्ट आले, दिवा विझला. दिवा विझतो तो दोन्ही बाजू बरोबरीला आल्या म्हणून.

हे एकदा समजलं की बाकीचं तुम्ही स्वतः ओळखू शकता. चावी फिरवल्यावर दिवा लागलाच नाही, तर बल्ब गेला आहे, वायर तुटली आहे, किंवा अल्टरनेटरमधले कार्बन ब्रश झिजले आहेत. यातलं कोणतं, ते ओळखायला दोन मिनिटं लागतात. अल्टरनेटरची ती बारीक वायर काढायची आणि इंजिनच्या उघड्या लोखंडाला टेकवायची. दिवा लागला तर बल्ब आणि वायर चांगली, दोष अल्टरनेटरच्या आत. नाही लागला तर अल्टरनेटरला हात लावायची गरजच नाही. आणखी एक गोष्ट. पुष्कळ जुन्या गाड्यांत अल्टरनेटरला जाग यायला पहिला थोडा करंट ह्या बल्बमधूनच मिळतो. म्हणजे डोळ्यात येतो म्हणून बल्ब काढला, तर चांगला अल्टरनेटरही झोपून राहू शकतो.

आता घाटाकडे येतो. बुलढाणा शहराला रेल्वे नाही. मुंबई-नागपूर लाईनवरची गाडी धरायची तर मलकापूरला उतरावं लागतं, आणि मलकापूर म्हणजे राजूर घाट. आपल्या वर्गातला एक मित्र पाहुण्यांना घेऊन रात्रीच्या गाडीसाठी निघाला. डिझेल जीप, जुनी. नाव सांगत नाही, तो तिसऱ्या रांगेत बसून हसतो आहे. घाटाच्या तोंडाशी लाल दिवा लागला. त्याने विचार केला : डिझेलच्या इंजिनाला विजेची गरज नाही, हेडलाईट चालू आहेत, बॅटरी चांगली आहे, स्टेशन गाठू आणि सकाळी पाहू. जुन्या डिझेल इंजिनाबद्दल हा विचार अर्धा बरोबर आहे. पंप यांत्रिक असतो, एकदा सुरू झालेलं इंजिन वीज नसली तरी चालतं.

पण आपल्याकडच्या बऱ्याच डिझेल जीप आणि पिकअपमध्ये अल्टरनेटरच्या पाठीवर एक छोटा व्हॅक्यूम पंप बसवलेला असतो. ब्रेक मारताना पाय हलका पडतो तो ह्या व्हॅक्यूममुळे. अल्टरनेटर पट्ट्यावर फिरतो, त्याच्याबरोबर हा पंपही फिरतो. पट्टा तुटला की अल्टरनेटर थांबला, लाल दिवा लागला आणि ब्रेकचा व्हॅक्यूमही बंद झाला. बूस्टरमध्ये साठलेल्या व्हॅक्यूमवर एक-दोनदा ब्रेक नेहमीसारखा लागतो. त्यानंतर पेडल लाकडासारखं कडक होतं. मित्राला दुसऱ्या वळणावर तेच झालं. त्याने पेडल पुन्हा पुन्हा मारत न बसता गाडी खालच्या गियरमध्ये टाकली, दोन्ही पायांनी जोर देऊन ब्रेक दाबून धरला आणि डोंगराच्या बाजूला गाडी उभी केली. गाडीत सहा माणसं होती. पाहुण्यांची रेल्वे चुकली, बाकी काही झालं नाही.

म्हणून मी प्रत्येक जीपवाल्याला सांगतो : तुझ्या गाडीच्या अल्टरनेटरमागे पंप आहे का ते बघून घे. असेल तर बॅटरीचा लाल दिवा हा ब्रेकचाही दिवा आहे. घाटात तो लागला तर स्टेशन, लग्न, दवाखाना काहीही असो, आधी थांबायचं. आणि बहुतेक जुन्या गाड्यांत तोच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो. उन्हाळ्यात खाली मलकापूर-नांदुऱ्याच्या उन्हात पट्टा तुटून तुम्ही चार-पाच किलोमीटर पुढे गेलात, तर हेड जाईल. पट्ट्याची किंमत आणि हेडच्या कामाची किंमत दोन्ही तुम्हाला माहीत आहेत.

आता दुसरी गोष्ट, जी पकडायला कठीण असते. मोताळ्याकडचा एक पिकअपवाला आला. कापूस भरून बाजारात नेतो. म्हणाला, दिवसा दिवा लागत नाही, रात्री हेडलाईट लावले की एकदम मंद, तांबूस लागतो. दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. एकाने अल्टरनेटर बदलला, दुसऱ्याने तो काढून आणखी एक बसवला, वर नवी बॅटरी दिली. दिवा तसाच.

मी गाडी सुरू ठेवली, हेडलाईट लावले आणि मीटरने मोजायला लागलो. बॅटरीच्या दोन टोकांवर 14.2 व्होल्ट. म्हणजे चार्जिंग उत्तम. अल्टरनेटरवर 14.3. तेही उत्तम. मग डॅशबोर्ड उघडून दिव्याच्या चावीकडच्या टोकावर मोजलं, तर 12.2. घोळ तिथे होता. टाक्यांचं उदाहरण आठवा. पातळी सारखी नव्हती. फरक असा, की ह्या वेळी अल्टरनेटरची बाजू वर होती आणि डॅशबोर्डची खाली. करंट उलट्या दिशेने वाहत होता, आणि बल्बला दिशा कळत नाही, तो दोन्हीकडून लागतो. दोन व्होल्टच्या फरकावर जेवढा लागेल तेवढा लागत होता, म्हणून मंद. दिवसा एवढा उजेड दिसत नाही, आणि हेडलाईट बंद असले की फरकही पडत नाही.

मग ते दोन व्होल्ट गेले कुठे? बॅटरीकडून येणारी मुख्य वायर फ्यूज बॉक्सवर जिथे बसते, तिथलं टर्मिनल सैल होऊन काळं पडलं होतं. सरांनी नववीत फळ्यावर लिहिलेलं सूत्र इथे कामी येतं. साठ-साठ वॅटचे दोन हेडलाईट म्हणजे 120 वॅट, 12 व्होल्टला साधारण 10 अँपिअर. दोन व्होल्टला दहाने भागा, 0.2 ओहम. त्या काळ्या डागाचा अडथळा एवढाच होता. पण दोन व्होल्ट गुणिले दहा अँपिअर म्हणजे 20 वॅट उष्णता. आमच्या दुकानातलं झाळ द्यायचं लहान सोल्डरिंग आयर्न 25 वॅटचं असतं. म्हणजे त्या माणसाच्या डॅशबोर्डमागे रात्रभर जवळजवळ एक सोल्डरिंग आयर्न चालू होतं, आणि पाठीमागे कापूस भरलेला. प्लास्टिक वितळायला लागलं होतं. टर्मिनल बदललं, वायर छाटून नवीन थिंबल दाबलं. दिवा गेला. त्याच्या दोन्ही अल्टरनेटरमध्ये काहीही दोष नव्हता.

हा माणूस फसवला गेला असं मी म्हणणार नाही. ज्यांनी अल्टरनेटर बदलले त्यांनी नियमाप्रमाणेच केलं : बॅटरीचा दिवा म्हणजे अल्टरनेटर. पण सामान बदलण्याआधी मोजलं असतं तर दोन अल्टरनेटर आणि एका बॅटरीचे पैसे वाचले असते, आणि ते वितळणं आधीच दिसलं असतं. म्हणून गाडी दुरुस्तीला देताना मिस्त्रीला विचारा, "मोजलं का? किती आलं?" उभ्या गाडीवर पूर्ण भरलेली बॅटरी 12.6 च्या आसपास दाखवते. इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.4 पाहिजे. 15 च्या वर जात असेल तर कटआउट गेला, बॅटरी उकळते आहे. एवढे आकडे घरातल्या कोणालाही पाठ होतील, आणि साधा मीटर काही महाग येत नाही.

आता अर्थिंग. जुन्या गाडीच्या निम्म्या तक्रारी इथे संपतात. लोक प्लसची वायर जपतात. पण करंट जसा जातो तसा त्याला परतही यावं लागतं, आणि परतीचा रस्ता म्हणजे गाडीचं लोखंड. इंडिकेटर दिला की डिझेलचा काटा नाचतो, ब्रेक दाबला की भलताच दिवा मिणमिणतो, असं दिसलं तर मीटरची किंवा मागच्या लाईटची अर्थिंग तपासा. करंटला सरळ रस्ता मिळत नाही, म्हणून तो दुसऱ्याच्या घरातून वाट काढतो. इंजिन आणि चॅसीच्या मधली विणलेली पट्टी तुटली असेल तर आणखी गंमत होते. सेल्फ मारताना दोनशे अँपिअरपर्यंत करंट लागतो, आणि तो क्लचच्या किंवा ॲक्सिलेटरच्या केबलमधून परत जायला बघतो. केबल गरम होऊन धूर निघालेला मी पाहिला आहे. मालक म्हणत होता, केबल खराब निघाली. केबल बिचारी दुसऱ्याचं काम करत होती.

आपल्या जिल्ह्यात ह्याला एक जास्तीचं कारण आहे. पूर्णेच्या काठचा भाग, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुऱ्याकडचा, खारपाणपट्ट्यात येतो. तिथल्या बोअरच्या पाण्याने गाडी धुतली की वाळल्यावर जोडांवर मीठ राहतं. हिरवा-पांढरा थर धरतो, वायर आतून काळी होते. तेच पाणी कोणी बॅटरीत टाकलं तर बॅटरी मेलीच समजा. बॅटरीत डिस्टिल वॉटरच. तिकडच्या मित्रांनी वर्षातून एकदा तरी अर्थिंगचे सगळे जोड खोलावेत, पॉलिश पेपरने चकचकीत घासावेत, घट्ट करावेत आणि वरून थोडं ग्रीस किंवा व्हॅसलीन लावावं. पेंट केलेल्या जागेवर अर्थिंग बसवू नये. रंगातून करंट जात नाही.

ऑइलच्या दिव्याबद्दल थोडक्यात, पण काळजीपूर्वक ऐका. ऑइलचा स्विच उलट वागतो. दाब नसेल तेव्हा तो जोडलेला असतो, दाब आला की तुटतो. गाडी चालू असताना हा दिवा लागला तर जागच्या जागी इंजिन बंद. पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत सुद्धा नाही. आधी काडी काढून ऑइल बघा. ऑइल बरोबर असेल तर स्विचची वायर काढून चावी ऑन करा. वायर काढूनही दिवा लागलेलाच असेल तर वायर कुठेतरी घासून बॉडीला टेकली आहे. दिवा विझला तर एक तर स्विच खराब आहे किंवा दाब खरोखर कमी आहे. ह्या दोनमधला निकाल अंदाजाने करू नका. स्विच काढून त्या जागी दाबाचं घड्याळ लावून मोजायचं. इंजिन वाचतं ते ह्या एका मोजणीने.

आणि ब्रेकचा दिवा. काही गाड्यांत ब्रेक ऑइलच्या डबीत तरंगता फ्लोट असतो. माझ्याकडे शाळेची मुलं नेणारी एक गाडी आली. चालक म्हणाला, "घाट उतरताना दिवा लागते, सपाटीवर इझते. लूज कनेक्शन असन." ते लूज कनेक्शन नव्हतं. उतारावर डबीतलं ऑइल पुढे सरकतं, आणि पातळी काठावर असेल तर फ्लोट खाली बसतो. सपाटीवर तो पुन्हा तरंगतो. म्हणजे ऑइल कुठेतरी चाललं होतं. मागचं एक चाक उघडलं तर आत सिलेंडर गळत होता. चालकाला घाई होती, शाळा सुटायची वेळ झाली होती. म्हणत होता, वायर काढून द्या, उद्या आणतो. मी चावी दिली नाही. दुसरी गाडी सांगून मुलं घरी पाठवली. तो त्या दिवशी रागावून गेला. पण दोन दिवसांनी गाडी न्यायला आला तेव्हा गळका सिलेंडर स्वतः मागून घेतला आणि घरी दाखवायला घेऊन गेला.

दिवा कधी लागतो ह्याची नोंद म्हणूनच महत्त्वाची आहे. उतारावर की चढावर, थंड असताना की तापल्यावर, रात्री की दिवसा, खड्ड्यात की सपाटीवर, हेडलाईट लावल्यावर की वायपर लावल्यावर. मिस्त्रीला "दिवा लागतो" एवढं सांगू नका. कधी लागतो ते सांगा, अर्धं काम तिथेच होतं. डॉक्टर मित्र मान हलवतो आहे, त्याच्याकडेही असंच असणार.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांसाठी एक सूचना. चावी ऑन करा, इंजिन सुरू करू नका, आणि दिवे मोजा. बॅटरी, ऑइल, आणि हॅण्डब्रेक ओढलेला असेल तर तोही. एखादा लागत नसेल तर विचारा का. आणि दोन दिवे अगदी एकाच क्षणी विझत असतील तर जरा थांबा. काही ठिकाणी बिघडलेल्या दिव्याची वायर दुसऱ्या दिव्याला जोडून देतात, म्हणजे चावीला लागतो, सुरू केल्यावर विझतो, आणि गिऱ्हाइकाला वाटतं सगळं ठीक. असा दिवा तुम्हाला कधीच काही सांगणार नाही.

सर, तुम्ही पहिल्या रांगेत बसला आहात म्हणून सांगतो. ओहमचा नियम तुम्ही आम्हाला एक सेल, एक बल्ब आणि तारेच्या तुकड्यावर शिकवला होता. पुढे मी वाचलं, की ज्यॉर्ज ओहम स्वतः जर्मनीत कोलोनच्या शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवणारा मास्तर होता. त्याने 1827 साली आपला नियम पुस्तकात छापला, तेव्हा त्याच्याच देशात त्याला फारसा मान मिळाला नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ले पदक दिलं ते 1841 साली. एका शाळामास्तराचं सूत्र मी आजही दुकानात दिवसातून दहा वेळा वापरतो. वर्गात पहिला येणाऱ्यांना ते परीक्षेपुरतं लागलं असेल, माझं घर त्याच्यावर चाललं.

म्हणून माझ्याकडून शाळेला एक छोटी भेट आहे. जुन्या जीपचं मीटर, तिचे दिवे, चावी, ऑइलचा स्विच, एक लहान अल्टरनेटर आणि तो फिरवायला हँडल, असं सगळं एका प्लायवूडवर बसवून दिलं आहे. मुलांनी हँडल फिरवावं, दिवा विझताना बघावा, एखादी वायर मुद्दाम सैल करावी आणि मीटर लावून दोष शोधावा. आज प्रयोगशाळेत ठेवलं आहे, जाताना बघून जा. मुलींनीही हात लावावा. माझ्या दुकानात आता सगळ्यात बारकाईने मोजणारी कारागीर एक मुलगीच आहे.

जेवणानंतर मी मैदानात टेस्ट लॅम्प आणि मीटर घेऊन उभा आहे. ज्यांच्या गाडीत एखादा दिवा लागतो, किंवा लागायला पाहिजे तो लागत नाही, त्यांनी बोनेट उघडून ठेवा. घाट उतरून मलकापूरकडे जाणाऱ्यांचे पट्टे मी आधी बघेन. पैसे नको, पण पुरणपोळी संपायच्या आत मला कोणीतरी हाक मारा.